थायरॉइड निघालंय? योग्य डॉक्टर आणि योग्य उपचारांपर्यंत कसं पोहोचायचं

लॅबमधून रिपोर्ट येतो. टीएसएचसमोरचा आकडा ठळक छापलेला, शेजारी वर जाणारा बाण. घरात कुणीतरी म्हणतं, "थायरॉइड निघालं वाटतं," आणि संध्याकाळपर्यंत चार जणींचे सल्ले येऊन पडतात. अमक्या डॉक्टरकडे जा, कोबी बंद कर, धण्याचं पाणी पी, गोळी सुरू केलीस की जन्माची मागे लागते. मी गेली तेरा वर्षं रोज सकाळी ती गोळी घेते आहे. माझ्या आईला हाच आजार आहे आणि धाकट्या जावेला याच्या बरोबर उलटा. त्यामुळे कऱ्हाडपासून परळपर्यंत बऱ्याच दवाखान्यांच्या बाकांवर बसून झालंय. मी डॉक्टर नाही आणि डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम आहे. पण कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कधी जायचं आणि जाताना काय घेऊन जायचं, हे आपल्या हातात असतं. त्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी १: आधी नेमकं काय झालंय ते विचारा

थायरॉइड हे आजाराचं नाव नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ती एक ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते. तिच्यातून पाझरणारं हार्मोन कमी पडलं तर हायपोथायरॉइड, जास्त झालं तर हायपरथायरॉइड, आणि हार्मोन बरोबर असूनही ग्रंथीत गाठ किंवा सूज असली तर ते तिसरंच प्रकरण. तिन्हींचे उपचार वेगळे, बऱ्याचदा डॉक्टरही वेगळे. म्हणून "मला थायरॉइड आहे" एवढ्यावर थांबू नका. "कमी आहे की जास्त, आणि कशामुळे?" हे पहिल्याच भेटीत विचारून कागदावर लिहून घ्या.

रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो तो टीएसएचमुळे. हे हार्मोन थायरॉइडचं नाहीच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला जी हाक मारते, ते टीएसएच. थायरॉइड काम करेनाशी झाली की हाक मोठी होते. म्हणजे टीएसएच वाढलं याचा अर्थ थायरॉइड कमी पडतंय. ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की हाक मारायची गरजच उरत नाही आणि टीएसएच खाली जातं. बहुतेक लॅब मोठ्या माणसांसाठी ०.४ ते ४ किंवा ४.५ च्या आसपासची मर्यादा छापतात. आपला आकडा नेहमी त्याच लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहायचा.

टीएसएच जरासं वाढलेलं, समजा ६ किंवा ७, आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, अगदी व्यवस्थित, असा रिपोर्ट बऱ्याच जणांचा येतो. अशा वेळी लगेच गोळी लागतेच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून पाहतात, कारण कितीतरी वेळा आकडा आपोआप खाली आलेला असतो. टीएसएच १० च्या वर टिकून राहिलं, दिवस राहिले असले किंवा राहावेत अशी इच्छा असली, तर विचार वेगळा होतो. एकाच रिपोर्टवर, गळ्याला हात न लावता कुणी जन्माची गोळी लिहून दिली, तर "एकदा परत तपासून बघूया का?" असं विचारायला संकोच करू नका.

पायरी २: कुणाकडे जायचं

साधं हायपोथायरॉइड असेल आणि दुसरं काही मोठं दुखणं नसेल, तर तुमचे फॅमिली डॉक्टर किंवा गावातले एमडी मेडिसिन पुरेसे आहेत. हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण नव्या माणसाला वाटतं की पुण्या-मुंबईचा मोठा डॉक्टर गाठल्याशिवाय बरं वाटणार नाही. या आजारात उपचार म्हणजे एक गोळी, दर काही आठवड्यांनी तपासणी आणि त्यानुसार डोसची बारीक फेरफार. त्यासाठी जवळचा, वेळेवर भेटणारा, तुमची फाइल ओळखणारा डॉक्टर जास्त उपयोगी पडतो.

मात्र पुढच्या परिस्थितीत एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ, गाठायलाच हवेत: हायपरथायरॉइड असेल, पेशंट लहान मूल असेल, गरोदरपण असेल, हृदयाचा आजार असेल, गोळी नीट घेऊनही टीएसएच जागेवर येत नसेल, किंवा पिट्युटरीची शंका असेल.

पाटीवरच्या पदव्या वाचायला शिका. एमबीबीएसनंतर एमडी, आणि त्यानंतर डीएम किंवा डीएनबी एंडोक्रायनोलॉजी असेल तर ते या विषयाचे तज्ज्ञ. "डायबेटॉलॉजिस्ट" म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्ट असेलच असं नाही, आणि "थायरॉइड स्पेशालिस्ट" ही काही पदवी नव्हे. प्रिस्क्रिप्शनवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असायला हवा.

चांगला डॉक्टर कसा ओळखायचा? मला पहिल्यांदा खात्री वाटली तो प्रसंग सांगते. डॉक्टर खुर्चीवरून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांची बोटं गळ्याच्या दोन बाजूंना हलकेच ठेवली, मला पाण्याचा घोट दिला आणि म्हणाल्या, "आता गिळा." गिळताना ग्रंथी वर सरकते, ती बोटांना लागते. एका मिनिटाचं काम. त्याआधीच्या दीड वर्षात तीन ठिकाणी जाऊन आले होते, एकानेही गळ्याला हात लावला नव्हता. त्यानंतर त्यांनी पाळीचं विचारलं, घरात कुणाला आहे का ते विचारलं, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, आणि पुढची तपासणी कधी करायची ते तारखेसकट लिहून दिलं. एवढं जिथे होतं तिथे टिकून राहा.

तीन महिन्यांत गोळी बंद करून देतो असं कुणी म्हणालं, दर भेटीला भलीमोठी तपासण्यांची यादी हातात दिली, किंवा दवाखान्यातच पावडरीचे डबे विकले, तर तिथून निघा. अँटी-टीपीओ ही अँटिबॉडीची तपासणी एकदा झाली की पुरे, ती दरवेळी करण्यात पैसे जातात आणि उपचार काही बदलत नाहीत. हायपो असलेल्या प्रत्येकाला गळ्याची सोनोग्राफी लागते असंही नाही. हाताला गाठ लागली, गळा सुजलेला दिसला, तर ती करायची.

पायरी ३: फाइल

साधी प्लास्टिकची फाइल घ्या. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात जुना खाली. पहिल्या पानावर एक तक्ता आखा: तारीख, टीएसएच, फ्री टी-४, त्या वेळी चालू असलेला डोस, वजन. माझ्या तक्त्यात आता तीस-एक ओळी आहेत, आणि नवीन डॉक्टर पहिल्यांदा तेच पान बघतात. सुट्टा आकडा फारसं काही सांगत नाही. कुठल्या डोसवर तो आकडा आला, ते कळलं की उलगडा होतो.

जाण्याआधी त्रासही लिहून काढा. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव, आवाज जड होणं, मन उदास राहणं ही हायपोची लक्षणं. पण रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं तरी थकवा असाच येतो. सगळं थायरॉइडच्या माथी मारलं की दुसरं दुखणं लपून राहतं. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं असेल तर तोही रिपोर्ट फाइलला लावा, कारण थायरॉइड कमी असल्याने ते वाढतं आणि उपचारानंतर बऱ्याचदा उतरतं.

पायरी ४: रक्त तपासणी नीट करून घ्या

शक्यतो एकच लॅब धरा, एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली. वेळही साधारण तीच ठेवा, कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं. तपासणीच्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. टीएसएचसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, आणि त्याने रिपोर्ट चक्क खोटा येऊ शकतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या बंद करा आणि डॉक्टरांनाही सांगा. मोठा ताप येऊन गेला असेल किंवा दवाखान्यात दाखल होऊन घरी आला असाल, तर थोडे आठवडे थांबून तपासा.

पायरी ५: गोळी, चहा आणि सहा आठवडे

हायपोसाठीची गोळी म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी बाटलीत मिळते. जे हार्मोन शरीरात कमी पडतंय, तेच ही गोळी भरून काढते. बहुतेकांना ती कायम लागते, कारण हाशिमोटो नावाच्या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो: २५, ५०, ७५, ८८, १०० असे टप्पे. मेडिकलमधून बाटली घेताना आकडा स्वतः वाचून घ्या. माझ्या हातात एकदा ७५ ऐवजी २५ ची बाटली आली होती, रंग सारखाच वाटला म्हणून आठवडाभर तीच घेतली.

गोळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही. आपल्या घरांत इथेच घोळ होतो, कारण सकाळी चहाचं आधण आधी आणि बाकी सगळं नंतर. मी गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते. पाचला दूधवाला येतो तेव्हा जाग येतेच, तेव्हा गोळी घेऊन पुन्हा पडते. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री घ्यावी, जेवणानंतर तीन तासांनी. पण एक वेळ ठरवा आणि तीच पाळा. उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायची, तिने उपास मोडत नाही.

आईचं टीएसएच वर्षभर १५ च्या खाली येईना. डोस वाढवत वाढवत १२५ वर गेला. शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा बघू." आईने सांगितलं: तोंड धुते, देवापाशी दिवा लावते आणि मग सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेऊन दुधाच्या चहाबरोबर गिळते. त्यात थायरॉइडची होती, ॲसिडिटीची होती आणि कॅल्शियमचीही होती. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच अडवून धरतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही शोषण कमी होऊ शकतं, आणि त्याही रिकाम्या पोटी घ्यायला सांगितलेल्या असतात, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. आईची कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर गेली, चहा पाऊण तास मागे सरकला, आणि दोन महिन्यांत डोस वाढवायच्या ऐवजी कमी करावा लागला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "गोळी घेता ना?" असं विचारून भागत नाही. कशी घेता, ते समोर बसून बघावं लागतं.

आता सहा आठवड्यांबद्दल. ही गोळी शरीरात सावकाश साठते आणि सावकाश उतरते. आजचा डोस रक्तात स्थिर व्हायला सहा आठवडे जातात. त्यामुळे डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पाहायचं. माझ्या बाबतीत एका ठिकाणी दर पंधरा दिवसांनी तपासणी करून दरवेळी डोस वाढवला गेला. तिसऱ्या महिन्यात रात्री छाती धडधडून जाग यायची, हात इतके थरथरायचे की सुईत दोरा ओवता येईना. डोस जास्त झाला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी तो उतरवला आणि दोन महिने तपासणीच करू नका म्हणून सांगितलं. उतारवयात आणि हृदयाच्या पेशंटमध्ये तर सुरुवातच १२.५ किंवा २५ ने करतात, आणि तिथे घाई अजिबात चालत नाही.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नका, आठवली की घ्या. सलग काही दिवस राहिल्या तर डॉक्टरांना विचारा. बाटली ओट्यावर गॅसशेजारी किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णता आणि ओलावा दोन्ही वाईट. कंपनी वारंवार बदलू नका, आणि बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी एकदा टीएसएच पाहा. शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांनी प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावाऐवजी लिव्होथायरॉक्सिन आणि डोस असं लिहून घ्यावं, कारण तिथे ब्रँड वेगळे असतात.

खाण्याचं थोडक्यात. कोबी, फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर काही बिघडत नाही. सोयाबीनचे पदार्थ गोळीपासून लांब ठेवा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. भारतात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि डोंगराळ भागातले सुजलेले गळे कमी झाले ते या मिठामुळे. उपासापुरतं सैंधव ठीक, पण हल्ली रोजच्या स्वयंपाकातही गुलाबी मीठ आलंय, त्यातून पुरेसं आयोडीन मिळत नाही. उलट जास्त आयोडीन खाल्लं म्हणून हाशिमोटो बरा होत नाही, त्यामुळे आयोडीनची पूरकं मनाने घेऊ नका.

पायरी ६: दिवस राहिले असतील, तर थांबू नका

पहिल्या तीन महिन्यांत बाळाला आईच्याच हार्मोनवर अवलंबून राहावं लागतं. आधीपासून गोळी चालू असेल तर गरोदरपणात डोस साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा, सोनोग्राफीची वाट पाहू नका. पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. "गरोदरपणात गोळ्या नकोत" म्हणून घरच्यांनी ही गोळी बंद करायला लावणं, हे मी दोन घरांत पाहिलंय. ही गोळी बाळासाठीच आहे, हे सासूबाईंना आणि आईला दोघींनाही समजावून सांगा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच काळात सुरू होतात, तेव्हा चार तासांचं अंतर लक्षात ठेवा.

बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्त घेऊन त्याचं टीएसएच तपासायला सांगा. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ दिसायला बहुधा अगदी ठणठणीत असतं. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर त्याच्या बुद्धीची वाढ नीट होते. सगळ्याच दवाखान्यांत ही तपासणी आपणहून होत नाही, म्हणून आपण मागायची.

पायरी ७: थायरॉइड जास्त असेल तर

जावेचं वजन खाऊन-पिऊन तीन महिन्यांत आठ किलो उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग हात थरथरू लागले, डोळे मोठे दिसू लागले. निदान झालं ग्रेव्ह्ज, म्हणजे प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त हार्मोन बनवायला लावते तो विकार. यात तज्ज्ञ हवाच. बहुतेकदा कार्बिमाझोल देतात, नियोमर्काझोल या नावाने मिळतं. या औषधाबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी: ताप येऊन घसा जोरात दुखू लागला, तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं. ग्रेव्ह्जमध्ये तंबाखूचा धूर डोळ्यांचं दुखणं वाढवतो, तेव्हा सिगारेट बंदच.

गोळ्यांनी भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन हे मार्ग असतात. किरणोत्सारी आयोडीन म्हटलं की लोक दचकतात, पण हा जुना, नीट तपासलेला उपचार आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हा उपचार देत नाहीत.

गाठ असेल तर सोनोग्राफी आणि लागलीच तर सुईने पेशी काढून तपासणी, म्हणजे एफएनएसी. बहुसंख्य गाठी साध्या निघतात. ऑपरेशन ठरलं तर सर्जनला सरळ विचारा की थायरॉइडची ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का. आवाजाची नस ग्रंथीला चिकटून जाते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथी तिच्या पाठीशी असतात. त्या वाचवायला सरावाचा हात लागतो.

पायरी ८: पैशाचं गणित

लिव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची किंमत नियंत्रित असते. या आजारात खर्च होतो तो तपासण्यांवर आणि प्रवासावर. मुंबईत केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत एंडोक्रायनोलॉजीचे स्वतंत्र विभाग आहेत. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, डबा आणि पाणी बरोबर ठेवा. संध्याकाळ होईल असं धरूनच निघा. लांब राहणाऱ्यांना सरकारची ई-संजीवनी ही फोनवरून डॉक्टरांशी बोलण्याची मोफत सोय आहे, रिपोर्ट दाखवून मत घ्यायला ती बरी पडते. ऑपरेशन किंवा कॅन्सरच्या उपचारांसाठी दाखल व्हायचं असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्या.

टीएसएच एकदा जागेवर आलं की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तपासणी पुरते. मधे वजन खूप बदललं, दिवस राहिले, पाळी गेली, नवीन औषध सुरू झालं, तर लवकर पाहा. आणि हायपोच्या म्हाताऱ्या पेशंटला अंग गार पडून ग्लानी येऊ लागली, किंवा हायपरच्या पेशंटला जोराचा ताप, धडधड आणि बरळणं सुरू झालं, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या, फाइलसकट.